सेकंदाचा ताळमेळ

दिवसअखेर हातातील रोकड खातेवहीशी जुळल्याशिवाय रोखपाल काउंटर सोडत नाही. फरक एका रुपयाचा असला तरी तो शोधावाच लागतो. हीच शिस्त क्षणोक्षणी लेसरला लावण्याचे काम पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेत चालते. तेथील प्रा. सुभदीप दे यांच्या प्रयोगशाळेने इटर्बियमच्या एकाच आयनावर चालणारे प्रकाशीय अणुघड्याळ घडविण्याचे कार्य हाती घेतले आहे.

आयन म्हणजे विद्युतभारित अणू. विद्युतक्षेत्राच्या सापळ्यात अडकवला तरी तो थरथरत राहतो आणि अशा आयनावरून वेळ अचूक मोजता येत नाही. त्याला शांत करतो तो प्रकाशच! आयन ज्या वारंवारतेचा प्रकाश शोषतो, तिच्याहून किंचित कमी वारंवारतेवर ३६९ नॅनोमीटरचा अतिनील लेसर ठेवतात. त्यामुळे लेसरच्या दिशेने येणारा आयन अधिक प्रकाशकण शोषतो आणि प्रत्येक धक्क्यासरशी मंदावतो. १९७८ मध्ये अमेरिका व जर्मनीतील शास्त्रज्ञांनी हे प्रथम साधले. मात्र वारंवारता सरकून वरच्या बाजूस गेली, तर तोच लेसर आयनाला तापवतो. येथे मुभा असते ती जेमतेम चार कोटींत एका भागाची.

प्रत्यक्ष वेळ मोजणाऱ्या लेसरची कसोटी याहून कठोर आहे. ४६७ नॅनोमीटरच्या या प्रकाशाची सेकंदाला सुमारे ६४२ लाख कोटी आंदोलने होतात. त्यांत एखाद्या आंदोलनापलीकडे फरक पडू नये, अशी अपेक्षा असते. त्यासाठी उष्णतेने जवळजवळ न प्रसरणाऱ्या काचेच्या दोन टोकांना आरसे बसवून ती निर्वात कक्षात, कंपनांपासून अलिप्त ठेवतात. लेसरचा प्रकाश या आरशांमधील अंतराशी अखंड ताडून पाहिला जातो आणि फरक दिसताच इलेक्ट्रॉनिक यंत्रणा तो तत्क्षणी दुरुस्त करते.

१९६७ पासून सेकंदाची व्याख्या सीझियम अणूवर आधारलेली आहे. २०३० च्या सुमारास ती प्रकाशीय घड्याळांवर बेतण्याचा विचार आंतरराष्ट्रीय पातळीवर चालू आहे. आपल्या पासबुकातील नोंदीला एवढी अचूकता लागत नाही, हे खरे. परंतु उपग्रहांद्वारे होणारे दिशादर्शन आणि दूरसंचाराची जाळी काटेकोर वेळेवरच उभी आहेत. भारत सरकारने २०२३ मध्ये मंजूर केलेल्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेतही अणुघड्याळांना स्थान आहे. कारण असे घड्याळ स्वतः घडविले नाही, तर उद्याच्या सेकंदाचा मापदंड आपल्याला उसना घ्यावा लागेल.