गणितात अजून शोधायचं काय राहिलंय?

कुंडल गावचं एखादं पोर एम.एस्सी. करून गणितात पीएच.डी.ला लागलं, की पारावरचा प्रश्न ठरलेला असतो: गणितात आता शोधायचं काय राहिलंय? पायथागोरस झाला, न्यूटन झाला, बाकी सगळं पुस्तकात आलंच की. गैरसमज तसे बरेच, पण सगळ्यात पक्का हाच.

याचं उत्तर गावाच्या शेजारीच आहे. किर्लोस्करवाडी स्टेशनचं जुनं नाव कुंडल रोड. तिथल्या माळावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना वसवला, आणि तिथले पंप पुढे जगभर गेले. पंपातून पाणी कसं वाहतं ते सांगणारी समीकरणं नेव्हिए यांनी १८२२ साली मांडली, स्टोक्स यांनी १८४५ साली पक्की केली. पण त्या समीकरणांची उत्तरं कायम सुरळीत राहतात, की मध्येच कुठे बिघडून अनंताला भिडतात, हे अजून कुणालाच सिद्ध करता आलेलं नाही. अमेरिकेतल्या क्ले संस्थेने २००० साली त्यावर दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं. ते तसंच पडून आहे. मोटर चालू करून उसाला पाणी पाजणाऱ्याचं त्यावाचून काही अडत नाही, हेही खरं. गणितज्ञाचं अडतं.

दुसरा गैरसमज जरा शिकलेल्यांचा. उपयोजित गणित म्हणजे इंजिनीअरची आकडेमोड, आणि ती आता कॉम्प्युटर करतो, मग विद्यापीठात माणसं कशाला हवीत? आणि खरं संशोधन तर आयआयटीत नाहीतर परदेशात होतं, अशी त्याला जोडही असते.

पुणे विद्यापीठाच्या गणित विभागातल्या वर्षा दफ्तरदार-गेज्जी आणि इराणचे होसेन जाफरी यांनी २००६ साली अरेखीय समीकरणं सोडवायची एक पद्धत प्रसिद्ध केली. दोघांच्या आडनावांनी ती आज ओळखली जाते आणि देशोदेशीचे संशोधक ती वापरतात. पद्धत अशी, की अंदाज समीकरणात घालायचा, त्यातून काय निघतं ते अंदाजात मिळवायचं, मग ती सगळी बेरीज पुन्हा समीकरणात घालायची आणि आधी मोजून झालेला भाग वजा करून उरलेलं तेवढं पुढचं पद म्हणून घ्यायचं.

करूनच बघू. एक राशी १ पासून वाढायला लागते आणि तिच्या वाढीचा वेग दर क्षणी तिच्या वर्गाइतका असतो. ०.१ सेकंदाला ती किती झाली? पहिला अंदाज १. दुसरं पद मिळवलं की १.१. तिसरं मिळवलं की १.११०३. खरं उत्तर १.११११. तीन पदांत एवढं जवळ जाणं काही वाईट नाही.

आता तीच तीन पदं १ सेकंदाला घ्या. बेरीज येते ३.३३. प्रत्यक्षात १ सेकंद जवळ येईल तशी ही राशी सगळी मर्यादा सोडून वाढत जाते, त्या क्षणी तिला किंमतच उरत नाही. कॉम्प्युटर मात्र ३.३३ निमूटपणे छापून मोकळा होतो. आकडा काढणं हे त्याचं काम, त्या आकड्यावर कुठवर विसंबायचं हे सांगणं गणित विभागाचं. कोणत्या अटी पाळल्या तर या पद्धतीची बेरीज खऱ्या उत्तराकडेच जाते, याची सिद्धता सचिन भालेकर आणि गेज्जी यांनी २०११ साली प्रसिद्ध केली. भालेकर तेव्हा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या गणित विभागात होते; म्हणजे सातारा-सांगलीची पोरं जिथे एम.एस्सी.ला जातात, तिथेच.

गणित शिकून फक्त मास्तरकीच मिळते, या समजुतीवर वेळ घालवत नाही. बँका, विमा कंपन्या आणि हवामानखाते गणितवाल्यांना कधीपासून घेतायत.

‘पण उपयोग काय?’ हा प्रश्न मात्र रास्त आहे. फक्त उत्तर लगेच मिळेल असं धरून चालू नये. विकलन एकदा किंवा दोनदा करायचं असतं, हे बारावीला शिकवतात. ते अर्धं केलं तर काय होईल, याची पत्रापत्री लोपिताल आणि लायब्निझ यांच्यात १६९५ साली झाली होती. क्षचं पूर्ण विकलन १ येतं. अर्धं केलं की क्ष भागिले पाय याच्या वर्गमुळाची दुप्पट येते, आणि त्याचं पुन्हा अर्धं केलं की बरोबर १. कित्येक पिढ्या हा गणितज्ञांचा खेळच राहिला. ज्यांना आज ताण पडताना कालच्या ताणाचीही आठवण असते, अशा रबर-पॉलिमरसारख्या पदार्थांसाठी हेच कलन आता कामाला येतं. गेज्जी आणि भालेकर यांचं बरंचसं काम याच कलनातलं.

अर्थात, जुन्या समीकरणात पूर्ण विकलनाच्या जागी अपूर्णांकी विकलन घालून नवा निबंध पाडणारेही कमी नाहीत. पदार्थाला खरंच आठवण आहे का, हे न तपासता केलेल्या अशा कामाला पारावरच्या मंडळींनी ‘कशाला?’ विचारलं, तर त्यांचं चुकत नाही.