धुतल्यावर कपड्यांवर डाग येतात कुठून?

नागपूरहून भंडाऱ्याकडे येताना जवाहरनगरच्या आसपास, महामार्गाला लागूनच शहापूर लागतं. इथे काय किंवा जिल्ह्यातल्या दुसऱ्या कुठल्याही गावात काय, बादलीत टाकताना पांढराशुभ्र असलेला शर्ट दोरीवर पिवळट दिसू लागला की आरोपींची यादी ठरलेली असते. आधी साबण. मग मशीन. मग ज्या बाईने धुणं केलं ती, आणि ती सून असेल तर विचारायलाच नको. यातलं काही पटलं नाही तर कुणाची तरी नजर. पाण्याचं नाव सगळ्यांत शेवटी निघतं, पुष्कळदा निघतही नाही.

कुठल्याही उपायाला हात घालण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते. कापडावर काही येऊन बसलं आहे, की कापडातला रंगच निघून गेला आहे? पांढऱ्यावर पिवळं, तांबूस, काळं दिसतं तेव्हा काहीतरी आलेलं असतं आणि ते बहुधा घालवता येतं. निळ्या टॉवेलवर नारिंगी किंवा फिकट ठिपका दिसतो तेव्हा बहुतेक वेळा रंग गेलेला असतो. तो घासून परत येत नाही. पुष्कळ कपडे फाटतात ते या दुसऱ्या प्रकारचा डाग पहिल्या प्रकारचा समजून घासल्यामुळे.

‘आमचं पाणी तर नितळ आहे, साबणच खराब निघाला’

बोरिंगचं पाणी उपसल्या उपसल्या नितळ दिसतं, आणि नितळ म्हणजे निर्दोष असं आपण धरून चालतो. पण जमिनीच्या पोटात हवा पोचत नाही. तिथे लोह विरघळलेल्या रूपात असतं, आणि त्या रूपात थोडंथोडकं लोह डोळ्याला दिसत नाही. पाणी वर आलं, हवेतला ऑक्सिजन मिळाला, की तेच लोह तांबूस-पिवळ्या गाळात बदलतं. साध्या भाषेत हा गंज. टाकीच्या तळाशी साचणारा तांबडा गाळ, मोरीतल्या फरशीवरचा पिवळा ओघळ आणि शर्टावरची पिवळट झाक या तिन्हींचं मूळ एकच असू शकतं.

मग साबणावर आळ का येतो? धुण्याची पावडर पाणी अल्कधर्मी करते आणि अल्कधर्मी पाण्यात लोहाचा गंज होण्याचा वेग कितीतरी पटींनी वाढतो. नुसत्या पाण्यात जे घडायला बराच वेळ लागला असता, ते पावडर पडल्यावर काही मिनिटांत घडतं, आणि घडतं ते थेट कापडाच्या धाग्यांमध्ये. डाग धुण्यातच उमटतो, म्हणून नाव साबणाचं होतं. पाणी तेच राहिलं तर पावडर बदलून विशेष काही साधत नाही.

यासाठी लोह फार लागतं असंही नाही. लिटरला 0.3 मिलिग्रॅमच्या वर लोह असेल तर कपड्यांवर डाग पडतात, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या पेयजलविषयक मार्गदर्शिकेत नोंदवलेलं आहे. हिशेब केला तर हजार लिटरच्या टाकीत जेमतेम 0.3 ग्रॅम. मँगनीजला तर लिटरमागे 0.1 मिलिग्रॅमच पुरतं, आणि त्याचा डाग पिवळा नसून तपकिरी-काळा असतो. भंडाऱ्याच्या वाचकाला मँगनीज नवं नाही. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे मॉईल कंपनीच्या मँगनीज खाणी आहेत. अर्थात जिल्ह्यात खाण आहे म्हणून शहापूरच्या तुमच्या बोरिंगमध्ये मँगनीज असेलच, असं मुळीच नाही. एकाच गल्लीतल्या दोन बोरिंगच्या पाण्यातही फरक असू शकतो.

घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर बोरिंगचं ताजं पाणी पांढऱ्या भांड्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी तळ पाहा. दुसरी युक्ती पेरूच्या पानांची. पानं चुरगाळून पाण्यात टाकली आणि पाणी जांभळट-काळं झालं, तर लोह आहे. त्याच पाण्याचा चहा काळपट होत असेल तर तीही तीच खूण. पानातलं आणि चहातलं टॅनिन लोहाला भेटलं की काळा रंग तयार होतो. जुन्या काळी काळी शाई याच मेळातून बनायची आणि हिरड्याचा काळा रंगही त्यातूनच येतो. विडीसाठी भिजवलेल्या तेंदूपत्त्यातही टॅनिन असतं. विड्या वळणाऱ्या बाईच्या पदरावर धुतल्यानंतर काळपट ठिपके उमटले, तर पान आणि पाणी या दोघांचीही चौकशी करावी.

‘रोवणीचा चिखल काही निघत नाही’

चिखल निघतो. मागे राहतो तो चिखल नसतोच. धानाच्या बांधीत आठवडेच्या आठवडे पाणी उभं असतं. मातीला हवा मिळत नाही, तेव्हा तिथले सूक्ष्मजीव ऑक्सिजनऐवजी मातीतल्या लोहावर काम चालवतात आणि ते विरघळणाऱ्या रूपात आणतात. बांधीत गुडघाभर उभं राहिलं की हे लोह लुगड्यात, पँटीत मुरतं. घरी आल्यावर कपडा कोपऱ्यात टाकला, तो वाळला, की धाग्यातच गंज बसतो. म्हणून रोवणीचे कपडे वाळू द्यायचे नाहीत. आल्या आल्या साबण न लावता साध्या, शक्यतो विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्यात खळबळून काढायचे. साबणाची पाळी त्यानंतर.

‘ब्लीच टाकलं की कुठलाही डाग जातो’

सगळ्यांत जास्त नुकसान या समजुतीने होतं. ब्लीच गंज काढत नाही. उलट पाण्यात विरघळलेलं जे लोह किंवा मँगनीज अजून कापडावर बसायचं असतं, त्यालाही ते झटपट गंजवून पक्कं बसवतं. पिवळी झाक आली म्हणून ब्लीच, आणखी पिवळं झालं म्हणून आणखी ब्लीच, असं चालत राहतं आणि शेवटी कापडच विरतं.

ग्रामपंचायत विहिरीत किंवा टाकीत टीसीएल पावडर टाकते, तीही क्लोरीनचीच. पाण्यात लोह असेल तर पावडर टाकल्यानंतर धुणं जास्त पिवळं पडलेलं दिसू शकतं. म्हणून टीसीएल बंद करा असा आग्रह धरू नका. पावसाळ्यात गॅस्ट्रो टाळायचा असेल तर ती हवीच. पांढऱ्या कपड्यांपुरतं पाणी टाकीत रात्रभर ठेवून वरचं निवळलेलं घेतलं तरी पुष्कळ फरक पडतो.

गंजाच्या डागाला आम्ल लागतं. आजीचा लिंबू-मीठ लावून उन्हात ठेवण्याचा उपाय रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही बरोबर आहे. लिंबातलं सायट्रिक आम्ल लोहाला धरून पाण्यात सोडवतं. कपडे जास्त असतील तर किराणा दुकानातलं लिंबूसत्व कोमट पाण्यात विरघळवून त्यात कपडे भिजवावेत आणि नंतर चांगले खळबळावेत. रंगीत कपडा असेल तर आधी आतल्या शिवणीवर करून पाहावं. ऑक्झॅलिक आम्लाने हट्टी डाग जातात, पण ते विषारी आहे. हातमोजे घालूनच वापरावं आणि लहान मुलं असलेल्या घरात आणूच नये. एक गोष्ट मात्र कधीच करू नका. आम्ल आणि ब्लीच एकत्र करू नका, एकापाठोपाठ एकही वापरू नका. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

‘साबण लावताच कपड्यावर रक्त उमटलं’

लग्नसराईत हा प्रसंग घरोघरी घडतो, पण एरवी घडला की घर हादरतं. हळदीतलं कर्क्युमिन आम्लात पिवळं आणि अल्कधर्मी पदार्थात लाल होतं. वरणाचा डाग फिका पिवळा असताना कुणाच्या लक्षात येत नाही. त्यावर साबण पडला की तो एकदम लालभडक होतो. हळदीत चुना कालवून कुंकू करतात ते याच गुणामुळे. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हळद आणि चुन्याच्या पाण्याचा हा प्रयोग शाळाशाळांतून दाखवतात. शंका असेल तर लाल डागावर लिंबाचे दोन थेंब टाका. तो पिवळा झाला तर हळद. मग साबण खळबळून काढून कपडा कडक उन्हात टाकायचा. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही.

कधी ओलसर राहिलेल्या कापडावर, मोरीच्या कोपऱ्यावर गुलाबी-लाल थर येतो. तो सेराशिया नावाच्या जीवाणूचा असू शकतो, कारण तो लाल रंगद्रव्य बनवतो. 1958 साली प्रसिद्ध झालेल्या नोंदीनुसार अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये एका तान्ह्या बाळाची वापरलेली लंगोटं काही तासांनी लाल होऊ लागली होती. तपासात निघाला तो हाच जीवाणू.

हे सविस्तर सांगायचं कारण म्हणजे आपल्याकडे असा डाग करणीचा, भानामतीचा पुरावा म्हणून पुढे केला जातो, आणि बोट बहुधा एखाद्या एकट्या बाईकडे वळतं. महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. कुणावर करणी केल्याचा आळ घेऊन त्याचं जगणं मुश्किल करणं हा त्याखाली गुन्हा आहे. वरणाच्या डागापायी तुरुंगाची वारी कुणी करू नये.

टॉवेलवरचे नारिंगी ठिपके

खोली करून राहणाऱ्या कॉलेजच्या मुलामुलींची ही तक्रार असते. निळा किंवा हिरवा टॉवेल, उशीचा अभ्रा, शर्टाची कॉलर, आणि त्यावर धुण्यानंतर दिसणारे नारिंगी-फिकट ठिपके. मशीन बदनाम होते. मुरुमांवर लावायच्या क्रीममध्ये बेंझॉइल पेरॉक्साइड असेल तर ते कापडाचा रंग खातं, आणि हे काम धुण्याच्या कितीतरी आधी, तोंड पुसताना सुरू झालेलं असतं. यावर इलाज नाही. तोंड पुसायला पांढरा टॉवेल ठेवावा, एवढंच.

मीठ, तुरटी, नीळ, आणि जास्तीची पावडर

नवा कपडा मिठाच्या पाण्यात भिजवला की रंग पक्का होतो, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. मिठाचा उपयोग रंगवताना होतो. रंग धाग्याकडे ढकलायला ते मदत करतं. तुरटीचंही तसंच आहे. वनस्पतीजन्य रंग धरून ठेवायला ती वापरतात. दुकानातून आणलेल्या तयार कपड्याचा सुटणारा रंग या दोन्हींनी पक्का होत नाही. पहिल्या तीन-चार धुण्यांना तो वेगळा धुणं हाच खरा उपाय.

नीळ मळ काढत नाही. पिवळेपणाच्या जोडीला थोडा निळा रंग दिला की डोळ्याला पांढरं दिसतं, एवढंच तिचं काम. पिवळेपणा लोहाचा असेल तर तो निळीखाली तसाच वाढत राहतो.

पाणी जड असेल तर साध्या साबणाचा चिकट थर तयार होतो, तो धाग्यात अडकतो आणि कापड करडं पडतं. अशा वेळी आणखी साबण घालणं म्हणजे आणखी थर.

कोशाबद्दल मात्र वेगळं सांगायला हवं. मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावच्या विणकरांचा कोसा, किंवा भौगोलिक मानांकन मिळालेली करवतकाठी साडी घरात असेल, तर वर सांगितलेल्या उपायांतले निम्मे तिच्यासाठी नाहीत. रेशीम हे प्रथिन आहे. ब्लीच त्याला कायमचं पिवळं करतं आणि कुरतडतं, तर कडक पावडरीने त्याची झळाळी जाते. कोशाचा मूळ मधाळ रंग हा डाग नव्हे. तो घालवायच्या भानगडीत पडू नका. रिठ्याच्या पाण्यात हलक्या हाताने धुवा आणि सावलीत वाळवा.

घरात वारंवार पिवळे किंवा काळे डाग पडत असतील, तर पुढचा पावडरीचा पुडा आणण्याआधी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला भेटा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना तपासून मिळतो. अहवालात लोह, मँगनीज आणि एकूण कठीणपणा हे तीन आकडे मागून घ्या.