माणसं गेली, सातबारा राहिला: यवतमाळची रिठी गावं

यवतमाळ जिल्ह्याच्या महसुली गावांच्या यादीत काही गावं अशी आहेत, जिथे आज एकही चूल पेटत नाही. शेती कसली जाते, सातबारा निघतो, जनगणनेत नावही येतं. फक्त वस्ती नाही. आपण त्यांना रिठ किंवा उजाड गाव म्हणतो.

ती उठली कशी? कुठे पाणी आटलं, कुठे पटकी-प्लेगनं माणसं नेली, कुठे 1899-1900 च्या दुष्काळानं. पुढे बेंबळा, इसापूरसारख्या धरणांनी अख्खी गावं हलवली.

रिठ ओळखायचं कसं? काळ्या रानात मधेच पांढुरक्या मातीचा उंचवटा, त्यात खापराचे तुकडे, जवळ बुजलेली विहीर आणि शेंदूर लावलेला मारुती.

गावं उठतात, तशी नावंही सरकतात. आईन-ए-अकबरीत आजच्या यवतमाळचा उल्लेख 'योत-लोहारा' असा जोडीनं येतो. लोहारा आज शहरातच मोडतं. जिल्ह्याचं नाव 1905 पर्यंत 'वणी' होतं.

तुमच्या शिवारात रिठ असेल तर गावनकाशा काढा, म्हाताऱ्यांकडून तिथली आडनावं, देव आणि पांदणरस्ते विचारून लिहून ठेवा. हा इतिहास दप्तरात नाही, त्यांच्याच तोंडी आहे. कमेंटमध्ये गाव आणि तालुका नक्की सांगा!