मुलांची खोली भाड्याने देताना

मुलगा बंगळूरला, मुलगी जर्मनीत, आणि पुण्यातल्या घरात एक खोली वर्षभर बंद. ती विद्यार्थ्याला किंवा नोकरदाराला द्यावी, हा विचार चांगलाच. घरात जाग राहते, चार पैसेही मिळतात. पण ओळखीतला आहे म्हणून तोंडी व्यवहार मात्र करू नका.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा ‘लिव्ह अँड लायसन्स’चा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, घराचा एखादा भाग दिला तरीही. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. त्याहून मोठा धोका वेगळा आहे. वाद झाला, तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते आणि ते खोडून काढण्याचा भार मालकावर येतो. साठी ओलांडलेल्या जोडप्याने ही जोखीम का घ्यावी? नोंदणी ऑनलाइनही होते.

राहणाऱ्याची माहिती पोलिसांना आणि सोसायटीला द्या. तो परदेशी नागरिक असेल तर त्याच्या येण्याची माहिती ठरलेल्या फॉर्ममध्ये २४ तासांत द्यावी लागते. मिळालेले भाडे प्राप्तिकर विवरणात दाखवा.

आणि कराराआधी मुलांना फोन करा. त्यांची पुस्तके, प्रमाणपत्रे, जुन्या वह्या कुठे ठेवायच्या, हे त्यांनाच ठरवू द्या.