कारवीचें चुकलेलें वर्ष

खारघरपासून कर्नाळा-माथेरानपर्यंतच्या डोंगरांत भाद्रपदाच्या सुमारास हिंडणाऱ्यास एखादें झुडूप निळ्या-जांभळ्या फुलांनीं लहडलेलें आणि शेजारचीं त्याच जातीचीं शेंकडों झुडपें मात्र नुसतीं हिरवीं दिसलीं, तर त्यानें घटकाभर थांबावें. तें झुडूप कारवीचें असेल, तर त्याचें पंचांग चुकलें आहे. आणि ही चूकच वनस्पतिशास्त्रज्ञांस मोलाची वाटते.

कारवी सात वर्षें केवळ पानें वाढविते. आठव्या पावसाळ्यांत सबंध उतार एकदम फुलतो, मधमाशांची झुंबड उडते, आणि फुलोरा सरल्यावर झुडूप वाळून जातें. वाळलेल्या काठीवरचीं बोंडें मात्र पुढील पावसाळ्यापर्यंत टिकून राहतात. सरी अंगावर पडल्या कीं तीं तडतडून फुटतात व बीं दूर उडतें. कोंकणांतील कुडाच्या भिंती ज्या काठ्यांच्या करीत, त्या याच. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानांत हीं बहराचीं वर्षें २०००, २००८, २०१६ आणि २०२४ अशीं आलीं. सह्याद्रीच्या इतर भागांत तीं निराळीं असूं शकतात. म्हणून बोरिवलीचें पंचांग कर्नाळ्यास लावण्याची घाई करूं नये.

असेंच पंचांग पाळणारे कीटकही आहेत. आपल्या रानांत उन्हाळ्याच्या अखेरीस कर्कश सूर धरणारा सिकाडा दरवर्षीं ऐकूं येतो. पण मेघालयाच्या री-भोई जिल्ह्यांत ‘नियांगतासेर’ नांवाचा सिकाडा चार वर्षांनीं एकदां निघतो. २०१०, २०१४, २०१८, २०२२ हीं त्याचीं वर्षें, आणि योगायोग असा कीं फुटबॉलच्या विश्वचषकाचींही तींच! अमेरिकेंतील कांहीं जाती तेरा, तर कांहीं सतरा वर्षें जमिनींत मुळांचा रस शोषीत राहतात. सर्वजण एकदम बाहेर आले म्हणजे पक्षी खाऊन खाऊन थकतात, आणि उरलेल्यांचा वंश चालतो. एकटा निघालेला मात्र बहुधा कोणाच्या तरी चोंचींत जातो.

तरीही चुकार निघतातच. २०२१ सालीं यावयाच्या एका मोठ्या थव्यांतले पुष्कळ कीटक २०१७ मध्येंच, म्हणजे नेमकीं चार वर्षें अगोदर, वर आले. सतरांतून चार वजा केले कीं तेरा उरतात, ही गोष्ट अभ्यासकांच्या नजरेंतून सुटली नाहीं. हे कीटक वर्षें मोजतात तरी कशीं? कॅलिफोर्नियांतील कारबन या शास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं पंधरा वर्षांचीं पिलें अशा पीच झाडांच्या मुळांवर ठेवलीं, कीं ज्यांस वर्षांतून दोनदां बहर आणविला होता. तीं पिलें एक वर्ष आधीं बाहेर पडलीं. हा प्रयोग २००० सालीं प्रसिद्ध झाला. तात्पर्य, कीटक काळ मोजीत नव्हते, झाडाचे ऋतु मोजीत होते.

कारवीचा चुकारपणा ओळखण्यास प्रयोगशाळा नको. शेजारीं गतवर्षींचीं बोंडें घेऊन वाळक्या काठ्या उभ्या असतील, तर हें झुडूप वर्षभर मागें राहिलें. भोंवतीं सर्वत्र न फुललेलीं झुडपें असतील, तर तें बहुधा पुढें धांवलें आहे. सबंध उतारच फुलला असेल, तर चूक झुडपाची नव्हे, पाहणाऱ्याच्या अंदाजाची. त्या उताराचें पंचांगच वेगळें. मात्र झुडूप कारवीचेंच आहे, तिच्या भाऊबंदांपैकीं दुसरें नव्हे, याची खात्री करावी. पान, फूल व खोड यांचें छायाचित्र त्यासाठीं उपयोगी पडतें. मग दिनांक, ठिकाण आणि फुललेल्या व न फुललेल्या झुडपांची अदमासें संख्या टिपून ठेवावी. फांदी मोडून घरीं आणूं नये. तिचें बीं तेथेंच हवें आहे.

कारण समवयस्क झुडपांच्या उतारावर धोका मोठा असतो. पारसिकच्या टेकडीचा बराच भाग दगडाच्या खाणींनीं खाल्ला. असा एखादा कारवीचा उतार सातव्या वर्षीं पोखरला गेला, तर त्या पिढीचें एकही बीं मागें राहत नाहीं. पण दोन वर्षें आधीं एखादें चुकार झुडूप फुललें असेल आणि शेजारच्या मधमाशांनीं त्याची दखल घेतली असेल, तर त्याचीं बोंडें तोंवर फुटलेलीं असतात, आणि खडकाच्या कपारींतून बोटभर रोपें वर आलेलीं असतात.