घसाऱ्याचे गणित आणि विजेची मोटार

आठवीच्या गणितात चक्रवाढ व्याजाबरोबर घसाऱ्याची उदाहरणे येतात. यंत्राची किंमत दरवर्षी ठरावीक टक्क्यांनी घटते, तर तीन वर्षांनी ती किती? सूत्र सोपे आहे, पण त्यात एक गृहीतक दडलेले आहे. किंमत फक्त वस्तूच्या वयामुळे घटते, असे ते मानते. हे गृहीतक कोठे मोडते ते पाहायला विजेवर चालणाऱ्या पहिल्या पिढीच्या मोटारींइतके चांगले उदाहरण आम्हाला दुसरे सुचत नाही.

'निसान लीफ' ही मोटार डिसेंबर २०१० मध्ये जपान व अमेरिकेत विक्रीस आली. अमेरिकेत तिची किंमत ३२,७८० डॉलर होती. २४ किलोवॅट-तास क्षमतेची बॅटरी पूर्ण भारित केली की सरकारी चाचणीनुसार ती ७३ मैल, म्हणजे सुमारे ११७ किलोमीटर जाई. दरवर्षी २० टक्के घसारा धरला, तर तीन वर्षांनी सूत्राचे उत्तर येते १६,७८३ डॉलर.

पण आरंभीची किंमतच फसवी आहे. नवी गाडी घेणाऱ्यास अमेरिकी सरकार आयकरात ७,५०० डॉलरपर्यंत सूट देत असे (ही सूट सप्टेंबर २०२५ अखेर बंद झाली). म्हणजे नवी गाडी खरे तर २५,२८० डॉलरला पडे आणि जुनी घेणारा तुलना या आकड्याशीच करणार. जानेवारी २०१३ मध्ये कंपनीने थोड्या कमी सोयींची लीफ २८,८०० डॉलरला आणली. सूट वजा जाता २१,३०० डॉलर! समजा, एखाद्याने २०११ ची गाडी गॅरेजमध्ये कुलूपबंद ठेवली. ती एक मैलही चालली नाही, तरी तिला आता याहून फारसे जास्त कोण देईल? पुढे २०१८ च्या लीफमध्ये ४० किलोवॅट-तासांची बॅटरी आली. पल्ला १५१ मैल झाला आणि किंमत २९,९९० डॉलर, म्हणजे पहिल्या गाडीपेक्षाही कमी. जुन्या गाडीत काही बिघडले म्हणून तिची किंमत उतरली नव्हती. नवी गाडी सुधारली होती.

अर्थात कुलपातही बॅटरी म्हातारी होतेच. लिथियम-आयन घटातील ग्रॅफाइटवर एक पातळ थर हळूहळू साचतो आणि त्यात लिथियम कायमचे अडकून पडते. उष्णतेने ही क्रिया वेगवान होते. लीफच्या बॅटरीला द्रवाने थंड करण्याची सोय नव्हती. त्यामुळे ॲरिझोनातील फिनिक्ससारख्या तप्त शहरांतून २०१२ मध्ये पल्ला लवकर घटल्याच्या तक्रारी आल्या. मग कंपनीने हमी दिली की, पाच वर्षे किंवा ६०,००० मैल यांपैकी जे आधी पूर्ण होईल त्याआधी क्षमता सुमारे ७० टक्क्यांखाली गेल्यास बॅटरी दुरुस्त करून किंवा बदलून मिळेल.

या घटीचा भार कोणावर पडला? रोख पैसे देणाऱ्या पहिल्या मालकावर तर पडलाच. पण बरेच जण गाडी भाडेकराराने घेत. मुदतीअखेरची किंमत करारातच लिहिलेली असे; बाजारभाव तिच्याखाली गेला की ग्राहक गाडी परत करून मोकळा होई आणि तोटा भाड्याने देणाऱ्याच्या माथी येई.

दुसऱ्या मालकाचा हिशेब मात्र वेगळा आहे. ७० टक्के क्षमतेची पहिली लीफ ८२ किलोमीटर जाईल (कडाक्याच्या थंडीत हीटर लावल्यास बरीच कमी). नव्या गाडीपुढे हा आकडा केविलवाणा दिसतो. पण ज्याला रोज ३० किलोमीटर जायचे-यायचे आहे, त्याच्या गरजेच्या तो अडीचपटीहून अधिक आहे. या माणसाच्या लेखी गाडीचा उपयोग जवळजवळ शाबूत आहे, किंमत तेवढी कोसळलेली आहे. त्याने आणखी एक गोष्ट मात्र विचारात घ्यावी: २०१४ मध्ये जुनी बॅटरी परत करून नवी घेण्याचा दर ५,४९९ डॉलर होता, आणि बसविण्याची मजुरी वेगळी.