अंदमान दिवाळीत नको, एप्रिलमध्ये

मुळशीत, आपल्या नेरे गावात भातकापणी झाली की पावसाळा संपला असं धरून अनेक जण दिवाळीच्या सुट्टीत अंदमान ठरवतात. माझ्या मते ते चुकतं. तिथे नैऋत्य मोसमी पावसामागोमाग ईशान्य मोसमीही बरसतो आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचा काळ. समुद्र खवळला की स्वराज द्वीपाची, म्हणजे जुन्या हॅवलॉकची, बोट रद्द होते आणि पुढचं सगळं बुकिंग कोलमडतं. कोरडा काळ साधारण जानेवारी ते एप्रिल.

त्यात परीक्षा येतात, ही अडचण खरीच. मग परीक्षा संपताच एप्रिलमध्ये निघा. उकाडा असतो, पण समुद्र बहुधा शांत असतो. पाचनंतर लगेच उजाडत असल्यानं फिरणं सकाळीच उरकता येतं. मेपर्यंत मात्र लांबवू नका: केरळात १ जूनच्या सुमारास येणारा मोसमी पाऊस अंदमानात मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच पोचतो.